प्रबंधाची पिशवी आणि लाल दोरा

पिशवी आली की माझी पाठ आधीच दुखायला लागायची.

पाथरीच्या बसस्टँडसमोर एक चहाचं हॉटेल होतं. तिथल्या गल्ल्यामागच्या खुंटीला ती लटकलेली असायची. जाड खाकी कापडाची, मीच शिवलेली, तोंडाला नाडी ओवलेली. औरंगाबादच्या गाडीचा कंडक्टर ती तिथं ठेवून जायचा, नाहीतर सेलूकडून येणाऱ्या गाडीचा. शाळा सुटल्यावर हे ती घेऊन घरी यायचे आणि उंबऱ्यातूनच म्हणायचे, "आली गं." सासूबाई चुलीपुढून विचारायच्या, "कोन आली?" दर वेळी तेच. मग मी पिठाचे हात धुऊन पिशवी उघडायची.

आत ह्यांच्या प्रबंधाची पानं असायची. हे पाथरीला हायस्कुलात मराठी शिकवायचे आणि पीएच.डी. करायचे. विषय आमच्या घरचाच होता, गोदाकाठच्या मेंढपाळांची बोली. सासरे होते तोवर आमच्याकडं मेंढरांची मोठी खांड होती. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून नदीच्या काठाकाठानं निघायचं. हे त्या घरातले पहिले शिकलेले. सासूबाईंना ह्यांचा प्रबंध म्हणजे काय ते कधी नीट समजलं नाही. शेजारणीला सांगायच्या, "मेंढीच्या रोगाला काय म्हनतेत ते आमचं पोरगं मलाच इचारतंय, अन् मंग तेच लिवून सरकारला पाठवतंय. त्याचा पगार वाढनार हाय म्हनं."

ह्यांना शिकवणारे सर औरंगाबादला राहायचे. आणि एक सेलूकडच्या वालूरचे मास्तर होते. तेही शाळेत शिकवायचे, आणि सरांच्याच हाताखाली त्यांचाही प्रबंध चालू होता, निजामाच्या काळातल्या कागदपत्रांच्या भाषेवर. ह्यांचं लिहिलेलं ते वाचायचे, त्यांचं हे वाचायचे आणि दोघांचं सर वाचायचे. तिघं तीन गावांना. भेटायचं म्हटलं तर शाळा बुडवून दिवस घालवायचा. म्हणून ती पिशवी. ती सतत कुठंतरी वाटेवर असायची.

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. पुढं मेंढरांमागं जावं लागलं. पण गुरुजींनी कित्ता गिरवून घेतला होता, त्यामुळं अक्षर गोल आणि सुटं होतं. ह्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग विस्कटल्यासारखं. सरांनी पहिलीच पानं परत पाठवली आणि वर लिहिलं, "कृपया कुणाकडून तरी सुवाच्य करून घ्या." ते कुणीतरी म्हणजे मी, हे आमच्या घरात न बोलताच ठरलं.

दुपारची जेवणं उरकली की मी खिडकीपाशी पाट मांडून बसायची. दोन कार्बन घालून एका वेळी तीन प्रती निघायच्या. वरची सरांना, मधली वालूरला, आणि खालची, सगळ्यात फिकी, घरी पेटीत. पेन दाबून धरावं लागायचं, नाहीतर तिसरीवर काही उठायचं नाही. बोटाला खड्डा पडला होता, तो अजून हाताला लागतो. कार्बनची शाई नखात बसायची. सासूबाई म्हणायच्या, "सूनबाई, आज भाकरी निळी झाली की." मी हसायची. बोलायला मला कधीच फार जमलं नाही.

लिहून द्यायची त्याचा शीण नव्हता. शीण व्हायचा तो पानं परत आल्यावर. सरांच्या प्रतीवर लाल शाईनं लिहिलेलं असायचं, मास्तरांच्या प्रतीवर पेन्सिलीनं. दोघांचं बघून हे घरच्या प्रतीवर सांगायचे आणि मी नवीन तीन प्रती करायची. पण गाड्या काही आमच्या सोयीनं चालत नव्हत्या. सरांच्या खुणा घालून मी नवीन प्रत करून पाठवली की चार दिवसांनी वालूरहून जुन्या प्रतीवरच्या खुणा यायच्या. मग त्या खुणा कुठं बसवायच्या? ते वाक्यच आता राहिलेलं नसायचं. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पुन्हा तापला की गाड्या बंद पडायच्या, मग तर कुठली प्रत कुठं अडकली हे कुणालाच कळायचं नाही. एकदा एकच प्रकरण तिन्ही घरांत तीन तऱ्हेचं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपलंच शेवटचं.

मग मी दोरे लावायला सुरुवात केली. पहिलं लिखाण असेल तर कोपऱ्याला पांढऱ्या दोऱ्याचा टाका. दोघांच्या खुणा एकदा घालून झाल्या की पिवळा. आणि सगळं होऊन टायपिंगला जायचं झालं की लाल. सांगितलं कुणालाच नाही, माझ्यापुरतंच होतं. पण दोनतीन वेळा पिशवी फिरल्यावर वालूरहून चिठ्ठी आली, "वहिनींना विचारा, तिसऱ्याला पिवळा लागला का अजून पांढराच हाय?" पुढं सरही लिहायला लागले, "पिवळी प्रत मिळाली." लाल झालेली प्रकरणं कोनाड्यात एकावर एक ठेवायची असं ठरलं. तिथून हे ती परभणीच्या टायपिस्टकडे नेणार होते.

वालूरचे मास्तर आधी घरी यायचे. सासूबाईंशी त्यांचं चांगलं जमायचं. मावशी, मावशी करत ओट्यावर बसायचे आणि त्यांच्याकडून जुने शब्द काढून घ्यायचे. मग मधल्या एका वर्षी गावात नामांतरावरून बोलाचाली झाली. आमच्या गल्लीतल्या कुणीतरी मास्तरांना रस्त्यातच ऐकवलं. काय ऐकवलं ते ह्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यानंतर मास्तर यायचे बंद झाले. पिशवी येत राहिली.

सहा प्रकरणं लिहून होता होता वर्षं गेली. विद्यापीठाची मुदत संपली, एकदा वाढवून मिळाली. आता डिसेंबरअखेर प्रबंध जमा झाला नाही तर नोंदणीच रद्द होणार होती. म्हणजे एवढ्या वर्षांचं सगळं पाण्यात. हे रोज भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायचे. जेवताना बोलायचे नाहीत. मी पण बोलायची नाही. सासूबाईच काय त्या बोलायच्या.

दिवाळीनंतर बाकी सगळी प्रकरणं लाल झाली, पाचवं तेवढं राहिलं होतं. पाचव्यावरून बराच वाद झाला होता. त्यात ह्यांनी आमच्या बोलीतल्या शब्दांची यादी देऊन लिहिलं होतं की ही बोली अशुद्ध आहे, आणि ती अशुद्ध का झाली याची कारणं दिली होती. जुन्या पुस्तकांत तसंच लिहिलेलं असतं असं ह्यांचं म्हणणं होतं. मास्तरांच्या पेन्सिलीनं समासात लिहून आलं, "अशुद्ध कुणी ठरवलं? मावशींना विचारलं का?" खाली आणखी बारीक अक्षरात, "माझी आई पण असंच बोलते." हे चिडले. पिशवीतून चिठ्ठ्या गेल्या, चिठ्ठ्या आल्या. शेवटी सरांनीच लिहिलं की मास्तरांचं बरोबर आहे, अशुद्ध हा शब्द सगळीकडून काढा, मांडणी बदला. ह्यांनी बदलली. पांढऱ्यापेक्षा पिवळी प्रत दुप्पट मोठी झाली. ती सरांकडं शेवटच्या नजरेसाठी गेली होती.

ह्याच दिवसांत सासूबाई पोखर्णीला नरसिंहाला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "त्याचा कागूद दे एक. देवाच्या पायाला लावून आनते. एवढी वर्सं झाली, कामून अडलंय बग ते." मी चुलीपाशी होते. म्हटलं, पेटीत आहेत, घ्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. पेटीत सगळ्यांवर लाल शाई नाहीतर पेन्सिल ओढलेली. देवापुढं असा खाडाखोडीचा कागद कसा न्यायचा? म्हणून त्यांनी शोधून सगळ्यात स्वच्छ गठ्ठा घेतला. तो होता पाचव्याचा, पांढऱ्या दोऱ्याचा, घरची तिसरी प्रत. तिच्यावर कुणाचीच खूण नव्हती.

पोखर्णीला त्यांनी तो देवापुढं ठेवला. पांढरा दोरा देवापुढं बरा दिसत नाही म्हणून काढून टाकला आणि पुजाऱ्याकडून लाल दोरा बांधून घेतला. घरी आल्यावर तो परत पेटीत कसा टाकायचा? पेटीला पाय लागतो. म्हणून कोनाड्यात ठेवला, त्या बाकीच्या लाल दोऱ्यांच्या गठ्ठ्यांत. कुंकवाचं बोट मागच्या पानाला लावलं होतं, पुढून काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना परभणीची गाडी गाठायची होती. मी आत डोकं दुखतंय म्हणून पडले होते. हे कोनाड्यापाशी उभे राहून म्हणाले, "लालवाले समदे नेऊ का गं?"

"न्या," मी म्हणाले. लाल दोरा म्हणजे टायपिंगला, हे तर ठरलेलंच होतं. गाडीच्या घाईत गठ्ठे किती ते ह्यांनीही मोजले नाहीत.

सरांकडून पाचवं परत आलं ते आठदहा दिवसांनी. त्यांनी थोडंच काढलं होतं. मी पाट मांडला, दोन दुपारी बसून शेवटची प्रत केली, लाल टाका घातला. हे शाळेतून आले तेव्हा पुढं ठेवली. फार बरं वाटत होतं मला. संपलं असं वाटत होतं.

ह्यांनी गठ्ठ्याकडं पाहिलं. "हे काय?"

"पाचवं."

"पाचवं तर टाईप होऊन आलंय की, ते कसं? परभणीहून आज पिशवीतच आलंय समदं."

पिशवीत टाईप केलेल्या पानांची जाड थप्पी होती. ह्यांनी पाचवं काढलं. पहिल्याच पानावर, काळ्याभोर ठशांत, ही बोली अशुद्ध असून, असं. हे पानं उलटत गेले आणि मी बघत राहिले. मग आतून त्यांनी हातानं लिहिलेली प्रत काढली, मागचं पान उलटलं आणि कुंकू दिसलं.

"आई," हे म्हणाले.

सासूबाईंना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्या खाली बसल्या. "मी तर देवाला घेऊन गेल्ते रे," एवढंच म्हणाल्या. हे रागावले नाहीत. रागवण्याएवढंही बळ उरलं नव्हतं त्यांच्यात. म्हणाले, "असू दे."

नुसतं पाचवं परत टाईप करून भागणार नव्हतं. नवीन पाचवं मोठं, म्हणजे सहाव्याचे पानांचे आकडे बदलणार, अनुक्रमणिका बदलणार, शेवटची शब्दसूची बदलणार. टायपिस्टकडं लग्नपत्रिकांची आणि कोर्टाची कामं साचली होती. तो जानेवारीच्या आधी हात लावायला तयार नव्हता. मराठीचं दुसरं मशीन कुठं मिळेना. डिसेंबर संपायला आला होता.

हे एका संध्याकाळी ओट्यावर बसून स्वतःशीच म्हणाले, "हाय असं जमा करून टाकावं. एका प्रकरणानं काय होतंय? तपासणारे कुठं समदं वाचतेत?" मी ऐकलं. मी शेंगा फोडत होते.  मला फक्त आडवं व्हायचं होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. वालूरचे मास्तर होते. ह्यांनी चिठ्ठी पाठवली होती, तिचं उत्तर पिशवीतून न देता ते स्वतःच आले होते. गल्लीतून चालत, दिवसाउजेडी. सासूबाई पाणी घेऊन बाहेर आल्या.  मास्तर पाणी प्याले आणि त्यांनी टाईप केलेलं पाचवं मागितलं. वाचत असताना त्यांचा चेहरा मला दिसत होता. त्यांनी पानं नीट जुळवून परत दिली.

"जमा करा," ते म्हणाले.

"असंच?"

"असंच. तुमची एवढी वर्षं वाया जाऊ नयेत. एक शब्द राहिला तर राहिला. पुढं पुस्तक कराल तवा काढा."

ह्यांनी पानं मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तुमीच भांडलाव की त्याच्यासाठी."

"मी भांडलो, मला घाई न्हाई म्हणून. तुमचं तसं न्हाई."

मास्तर नेहमी हेच म्हणायचे, मला घाई नाही. त्यांचा प्रबंध केव्हाचा झाल्यासारखा होता, पण ते जमा करत नव्हते. सर विचारायचे, हे विचारायचे. मला वाटायचं, असतो एकेकाचा स्वभाव.

मास्तर गेल्यावर हे जेवले नाहीत. सकाळी औरंगाबादची पहिली गाडी धरली. सरांना सांगितलं, चुकीची प्रत टाईप झाली, हिच्यावर सही करू नका, मुदत मिळते का बघा. सर फार बोलले म्हणे. प्रत देवळात गेली हे ऐकून मात्र हसले. आणि वर जाऊन, कुणाकुणाला भेटून, त्यांनी फेब्रुवारीअखेरपर्यंतची मुदत आणली. हे शेवटचं, असं बजावून सांगितलं.

जानेवारीत टायपिस्टनं काम हातात घेतलं. संक्रांतीला मी तिळाचं सारण भाजत होते आणि शेजारच्या घरातला रेडिओ मोठ्यानं लागला. विद्यापीठाचं नाव बदललं होतं. गल्लीत दारं लागली. दोन घरांपलीकडं कुणीतरी शिव्या देत होतं. लांबून, नदीच्या बाजूच्या वस्तीतून, फटाके ऐकू येत होते. हे बाहेर उभे राहिले आणि परत आत आले. "गाड्या बंद होतेत आता," म्हणाले. झाल्याच बंद. टाईप झालेली पानं परभणीत, आम्ही इथं. मला वाटलं, आता हीही मुदत जाते.

गाड्या सुरू झाल्या तेव्हा पहिल्याच दिवशी हे परभणीला गेले. सगळं तयार होतं. पण सरांचा निरोप आला होता, पहिलं पान बदला, त्यावर विद्यापीठाचं नाव जुनं आहे. एवढं एक पान पुन्हा टाईप झालं. त्या पानाला आकडा नसतो, म्हणून पुढचं काही हललं नाही.

बांधायला जायच्या आधी हे सगळा गठ्ठा घेऊन घरी आले. त्याच दिवशी वालूरचे मास्तर आले. या वेळी चिठ्ठी पाठवलेली नव्हती. ओट्यावर बसले, पहिलं पान हातात घेतलं, आणि विद्यापीठाचं नवं नाव मोठ्यानं वाचलं. दोनदा वाचलं.  मग त्यांनी सासूबाईंकडं पाहिलं.

"मावशी, तुमच्या नरसिंहानं आमचं काम केलं बगा."

"तुजं कसलं काम?"

"डिसेंबरात जमा झालं असतं तर ह्यांना जुन्या नावाची पदवी मिळाली असती. मी तेवढ्यासाठीच थांबलो व्हतो. मी थांबलो ते थांबलो, तुमच्या देवानं ह्यांनाबी धरून ठिवलं."

ह्यांनी खाली पाहिलं. ह्यांच्या मनात त्या नावाबद्दल काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. गल्लीत कुणी विचारलं की हे विषय बदलायचे. पण त्या दिवशी हे हसले, आणि म्हणाले, "मंग आधी सांगायचं की. मी पाचवं घाईघाईनं लिवलंच नसतं."

सासूबाईंनी तिळगूळ मास्तरांच्या हातावर ठेवला. संक्रांत होऊन बरेच दिवस झाले होते, तो कडक झाला होता. म्हणाल्या, "देवाला काय, तेचं दार उघडंच असतंय. तूच यायचं सोडलंस."

"बोलावलं व्हतं का कुणी?" मास्तर म्हणाले. हसतच म्हणाले, पण म्हणाले.

 सासूबाईंनी आणखी एक लाडू त्यांच्या हातावर ठेवला.

मी चहा आणला. मास्तरांनी आपल्या झोळीतून एक गठ्ठा काढला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "वहिनी, आता माझी घाई सुरू झाली. लिवायचं मी लिवीन, माझं अक्षर बरं हाय. पण दोरे मात्र तुमचे द्या. पांढरा, पिवळा, लाल, तिन्ही."

मी आतून रिळं आणली. पाठीतून कळ आली, तशी क्षणभर भिंतीला टेकले. लाल रीळ अगदी संपत आलं होतं.

"तुजाबी गठ्ठा नेऊ का पोखर्णीला?" सासूबाई म्हणाल्या. "पायाला लावून आनते."

"नको मावशी," मास्तरांनी गठ्ठा पोटाशी धरला. "परत दोन महिने लागतेल!"

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. हे पण हसले. मी रिळं पिशवीत टाकली, नाडी ओढली आणि पिशवी मास्तरांच्या हातात दिली. जाताना ती त्यांनी हॉटेलातल्या खुंटीला लावली नाही, वालूरला आपल्याबरोबरच नेली. खुंटी मोकळी राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकल्यावर मी सवयीनं पाट मांडला, आणि त्यावर डोकं टेकून झोपले.